नवव्या विहिरीचं पाणी

माझ्या लग्नाला जाधवर सर आले, ते मांडवात न शिरता आधी सासऱ्यांच्या विहिरीकडे गेले. हे मला सासऱ्यांनीच सांगितलं आणि पुढं वीस वर्षं सांगत राहिले. अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजी घड्याळ बघत होते आणि नवऱ्या मुलाकडचा एक पाहुणा विहिरीच्या काठावर पालथा पडून आत दोरी सोडत होता. बायकांत बोंब उठली की नवऱ्याकडचं कुणीतरी विहिरीत जीव देतंय. चार माणसं धावली. सरांनी शांतपणे दोरी वर ओढली, भिजलेली गाठ मोजली, खिशातली वही काढून आकडा लिहिला आणि मग उठून सासऱ्यांना रामराम घातला. म्हणाले, "पावनं, एकुणसाठ फूट हाय. एप्रिल निघत न्हाई. पोरगी द्या, पर म्हशी इकून टाका." सासऱ्यांनी पोरगी दिली, म्हशी ठेवल्या, आणि मे महिन्यात त्या चारा छावणीत नेऊन बांधाव्या लागल्या. तेव्हापासून सरांना शिव्या देताना सासरे आवाज जरा खाली आणत.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. शाळा चकलांब्याच्या पुढं, डांबर संपतं तिथून आणखी थोडी आत. मी तिथं इंग्रजी शिकवत होतो, म्हणजे इंग्रजीची भीती पुढच्या पिढीकडे सोपवत होतो. शाळा होती संस्थेची, संस्था होती साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची, आणि कारखाना होता सभासदांचा. सहकारात नक्की कोण कुणाचं असतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं कळलं होतं की मला नोकरीत कायम करण्याचा ठराव चेअरमनसाहेबांच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी त्यांच्या अंगावर होती. सहा वर्षं मी त्या कपाटाकडे पाहून नमस्कार करत होतो. सर मात्र कायम होऊन जुने झाले होते, त्यामुळे त्यांना वाटेल ते बोलायची मुभा होती. ते ती पुरेपूर वापरत.

त्यांची दोरी सायकलच्या हँडलला पिशवीत लटकलेली असे. पिशवीत खाली भाकरी, वर दोरी. दर फुटावर गाठ, दहा फुटांवर लाल चिंधी, टोकाला ट्रॅक्टरचा मोठा नट. लग्न असो, मयत असो, नाही तर संस्थेची वार्षिक सभा असो, सर त्या गावची विहीर मोजल्याशिवाय कुणाशी बोलत नसत. "तोंडानं सांगू नगा, दोरी सोडा," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "दोरीला पक्ष नसतो." आमच्या भागात शेळीलासुद्धा पक्ष असतो, त्यामुळे हे वाक्य ऐकून लोक सरांकडे जरा काळजीनं बघत. स्टाफरूममध्ये कुणी सहज म्हणालं, "आज लई ऊन हाय," की सर मान वर करून विचारत, "किती?" बोलणारा गप्प बसे. सहा वर्षांत आमच्या स्टाफरूममध्ये हवापाण्याच्या गप्पा जवळजवळ बंद पडल्या होत्या.

ज्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला, त्या वर्षी शाळेत एक परिपत्रक आलं. परिपत्रक आलं की मुख्याध्यापक त्यावर 'पाहिले' असं लिहून फाईलला लावत. खरं तर ते पाहत नसत, पण लिहिण्यात खंड नव्हता. हे परिपत्रक इंग्रजीत होतं म्हणून माझ्याकडे आलं, आणि मी वाचत असताना सर मागून डोकावले म्हणून ते फाईलला लागायचं राहिलं. परदेशातली एक विज्ञान संस्था पाच देशांतल्या शाळा निवडणार होती. मुलांनी आपापल्या गावचं पाणी वर्षभर मोजायचं. प्रत्येक शाळेला तिकडचा एक शास्त्रज्ञ मार्गदर्शक म्हणून मिळणार. वर्ष संपलं की प्रत्येक शाळेतून एक मूल तीन आठवड्यांसाठी तिकडे जाणार, प्रयोगशाळा बघणार, आणि तिकडचं एक मूल इकडे येणार. सरांनी मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे मी वीस वर्षं झालं जे करतो, त्याला परदेशात मानपान हाय? आन् इथं लोक मला येडा म्हणतेत!" मी म्हटलं, सर, दोन्ही खरं असू शकतं. ते त्यांना पटलं.

अर्ज मी भरला. महिन्याभरात उत्तर आलं आणि आम्हाला मार्गदर्शक म्हणून मिळाल्या हेल्गाबाई. जर्मनीतल्या, पांढऱ्या केसांच्या, आयुष्यभर जमिनीखालचं पाणी अभ्यासलेल्या. गेवराईच्या सायबर कॅफेत बसून मी त्यांची पत्रं उतरवून आणायचो, मराठीत वाचून दाखवायचो, सरांचं उत्तर इंग्रजीत करून पाठवायचो. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत प्रकल्पाच्या फाईलला लागलीच पाहिजे, हा सरांचा हुकूम होता. सरांना शास्त्रातले इंग्रजी शब्द कळत, वाक्य कळत नसे. त्यामुळे या आंतरराष्ट्रीय सहकार्यात मधली खिंड माझ्या ताब्यात होती आणि मी त्यात फार खूष होतो.

विज्ञान मंडळात अकरा मुलं होती आणि मोजायला चौदा विहिरी. दर सोमवारी मोजणी. अकरा मुलांत दोनच सांगण्यासारखी. एक युवराज, चेअरमनसाहेबांचा नातू. पोरगं स्वभावानं गरीब, जाडजूड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं विज्ञानाला योगदान एवढंच की नववी विहीर त्याच्या आजोबांच्या मळ्यात होती आणि तो बरोबर असला की राखणदार फाटक उघडायचा. दुसरी कौसल्या. तिला सगळे कौसा म्हणत. नववीत होती. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत, त्यामुळे प्रत्येक इयत्ता तिनं अर्धी अर्धीच शिकलेली. तरीही ती वर्गात अशी बसायची की शिकवणाऱ्यानं घरून तयारी करून यावं.

ऑगस्टात कौसानं सरांना सांगितलं की दोरी खोटं बोलते. कुणी सरांना बापावरून बोललं असतं तरी चाललं असतं, पण दोरी? कौसा म्हणाली, "सर, मी शाळंची हीर सकाळी पयली मोजली आन् सगळ्या हिरी करून आल्यावर परत मोजली. फुटाचा फरक येतोय. दोरी भिजली की आखडती. गाठी जवळ येतेत." सरांनी गवंड्याकडून लोखंडी टेप मागवला, कोरडी दोरी मोजली, हौदात बुडवून ओली मोजली. मग वर्गाला म्हणाले, "पोरंहो, मी वीस वर्षं चुकलो. टाळ्या वाजवा." मुलांनी भीत भीत वाजवल्या. "जोरात वाजवा बे! चूक सापडली म्हंजे माप जवळ आलं." त्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांना पोस्टकार्ड गेलं: 'आपल्या विहिरीचे पाणी एकोणसाठ नसून अठ्ठावन्न फुटांवर होते. क्षमस्व.' सासरे ते कार्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. हेल्गाबाईंना हा किस्सा कळवला तेव्हा त्यांनी लिहिलं की पन्नास वर्षांत मला असा विद्यार्थी भेटला नाही. विद्यार्थी की शिक्षक, ते मात्र त्यांनी स्पष्ट केलं नव्हतं.

दसरा झाला आणि कौसाचा बाप तिला न्यायला आला. मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी सुटणार होती. कौसानं पाठीवरचा लहान भाऊ सांभाळायचा, फडावरच्या झोपडीत, कोप्यावर, भाकरी करायच्या, हे ठरलेलंच होतं. सर त्याच्या घरी गेले, मीही गेलो. बाप म्हणाला, "सर, हिला ठिवून बारकं लेकरू कुणी बघायचं? हिच्या आईनं ऊस तोडायचा का पोरगं धरायचं?" सर म्हणाले, "आवघड हाय, मला कळतं. पर ही पोरगी माज्या घरी ऱ्हाईल. आमची मंडळी तिला लेकीवानी बघंल. चौदा हिरींचं काम हिच्या हातात हाय. एवढं वरीस काढा." बापानं विचारलं, "आन् वरीस झाल्यावर? खरंच परदेशी जाईल का ही?" सर म्हणाले, "मोजलं तर जाईल. शबूद देतो." बापानं हातातलं कौसाचं गाठोडं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी गेली, त्यात कौसा नव्हती. तिचा भाऊ आईच्या पाठीवर बांधून गेला.

पुढले चार महिने हेल्गाबाईंची पत्रं येत राहिली आणि पाणी खाली जात राहिलं. जानेवारीत तेरा विहिरी तळाला लागल्या. गावात टँकर सुरू झाले, वाडीवस्तीला वेगळे टँकर मंजूर झाले. छावण्या उघडल्या; तिथं जनावरांपेक्षा कागदावरची जनावरं जास्त खात होती. आणि एक नववी विहीर दर सोमवारी दीड-दोन फूट वर येत होती. तिच्या बांधावर चेअरमनसाहेबांचा ऊस हिरवागार उभा. कौसानं वहीत त्या आकड्याखाली एक बारीक रेघ मारून ठेवली होती. गावात सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे सांगायचं कुणी कुणाला!

मग हेल्गाबाईंचं पत्र आलं की आता तुमच्या शाळेतून एक मूल निवडा, आणि निवड न्याय्य पद्धतीनं करा. मुख्याध्यापक म्हणाले, त्यात काय, चेअरमनसाहेबांना विचारू. इथं सरांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, आणि ती फक्त आमच्याच जिल्ह्यातला माणूस करू शकतो. ते म्हणाले, "कुणाला इचारू नगा. मतदान घ्या. अकरा पोरं हायेत, कुणी काय केलं ते त्यांना म्हाईत हाय. मत म्हंजे बी मापच की!" एवढ्यावर न थांबता ते स्वतः चेअरमनसाहेबांकडे गेले आणि ही योजना सांगितली. पंचवीस वर्षं निवडणुकांवर जगलेल्या माणसापुढं त्यांनी निवडणूक ठेवली. मांजरापुढं दूध ठेवून परत यावं तसे सर प्रसन्न चेहऱ्यानं परत आले. म्हणाले, "साहेब लई खूष झाले. म्हणाले, जाधवर, लोकशाहीच पायजे."

लोकशाही दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. विज्ञान मंडळात एका दुपारीत बेचाळीस नवे सभासद झाले. पाचवीची मुलं होती, चेअरमनसाहेबांच्या ड्रायव्हरची तिन्ही पोरं होती, आणि एक मुलगा तर असा होता की तो आमच्या शाळेत शिकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मतदानाच्या दिवशी सकाळी कारखान्याच्या जीपगाड्या आल्या आणि कौसा सोडून सगळ्या मतदारांना सहलीला घेऊन गेल्या. आमच्याकडे सोसायटी असो वा कारखाना, मतदार सहलीला नेतात आणि थेट मतपेटीसमोर आणून सोडतात. मधे कुणी भेटू नये, कुणाचं मन फिरू नये म्हणून. हा शिरस्ता इतका जुना की मुलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना नारायणगडावर नेलं, दर्शन झालं, पुरीभाजी आणि पोटभर बुंदी झाली, आणि शेवटी एकेकाला नारळावर हात ठेवायला लावून युवराजलाच मत द्यायची शपथ घातली.

सर शाळेत खडूच्या डब्याला फट पाडून बसले होते. समोर एकटी कौसा. सर मला विचारत होते, "पोरं कुठं गेली? आन् कावून?" मुख्याध्यापक म्हणाले, "विज्ञान सहल आहे." सर म्हणाले, "गडावर कोणतं विज्ञान हाय बे?" तेवढ्यात जीपगाड्या आल्या, बुंदीचे हात चड्डीला पुसत मुलांनी मतं टाकली. त्रेपन्न मतं. युवराज सेहेचाळीस, कौसा सात. सरांनी तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा मुख्याध्यापकांनी डबा काढून घेतला. सर म्हणाले, "माप बरोबर हाय. भांडं चुकलं." त्या सात मतांत कौसाचं स्वतःचं एक होतं. उरलेली सहा जुन्या मुलांची. त्यातला एक जण सरांजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मी नारळाच्या वर एक बोट हात धरलाता." सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कौसा रडली नाही. तिनं वही दप्तरात घातली आणि विचारलं, "सर, सोमवारी मोजायचं का आता?" सर म्हणाले, "मोजायचं."

आठवड्यानं हेल्गाबाईंना निवडलेल्या मुलाशी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायचं होतं. तशी सोय फक्त कारखान्याच्या ऑफिसात. मधोमध युवराज नव्या सफारीत, एका बाजूला चेअरमनसाहेब, दुसऱ्या बाजूला दुभाषी म्हणून मी. मुख्याध्यापक आणि सर मागं उभे. कौसाला वही घेऊन दाराशी उभं केलं होतं, लागलीच तर हाताशी असावी म्हणून. हेल्गाबाईंनी हसून नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न विचारला: पाऊस नाही, आजूबाजूच्या तेरा विहिरी आटल्या, मग नववी दर आठवड्याला वर कशी येते? मी प्रश्न मराठीत सांगितला. युवराजला वर्षात पहिल्यांदाच एका प्रश्नाचं उत्तर येत होतं. त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "तिथं टँकर ओततेत की! वाडीचे टँकर आदी आमच्या हिरीत रिकामे करतेत. मग आज्जा उसाला सोडतो."

चेअरमनसाहेब नातवाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, अगदी सहज, सहा वर्षांत पहिल्यांदाच ओळख पटल्यासारखं. मी हेल्गाबाईंकडे वळून अस्खलित इंग्रजीत सांगितलं की मुलाच्या मते त्या विहिरीला खोलवर जिवंत झरा आहे. बाई आनंदानं खुर्चीत पुढं सरकल्या. इतक्या कोरड्या खडकात जिवंत झरा! याचा अभ्यास व्हायलाच हवा, फार हुशार मुलगा आहे, असं म्हणत त्यांनी युवराजला शाबासकी दिली. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?" मी म्हटलं, "खूष झाल्या."

बाहेर आल्यावर सरांनी मला चिंचेखाली गाठलं. "काळे, बाई कावून हसली बे? पाणी चोरल्याचं ऐकून कुणी हसतं व्हय?" मी म्हटलं, तिकडच्या लोकांचा स्वभावच हसरा असतो. सरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आसंल. चल, कागद घे. बाईला पत्र लिहायचंय." आणि तिथंच उभं राहून त्यांनी मजकूर सांगितला. तो मला आजही जसाच्या तसा आठवतो. "बाई, चौदा हिरी कौसल्येनं मोजल्या. दोरी आखडती हे बी तिनंच हुडकलं. मतदान माज्या हट्टानं झालं, ती चूक माजी हाय, पोरीची न्हाई. नवव्या हिरीत टँकर ओततेत हे पोरानं तुमाला सांगितलंच हाय, ते मी परत लिहून देतो. जागा कौसल्येची हाय. तिच्या बापाला मी शबूद दिलाय."

गेवराईला जाईपर्यंत बसमध्ये मी ते पत्र मनात दहा वेळा इंग्रजीत केलं. दहाही वेळा ते बरोबर जमलं. सायबर कॅफेत बसल्यावर मात्र जे टाइप झालं ते वेगळंच होतं. त्यात लिहिलं होतं की युवराजची निवड अत्यंत खुल्या वातावरणात झाली, झऱ्याचा अभ्यास पुढं चालू ठेवू, आणि कौसल्या नावाच्या विद्यार्थिनीनं त्याला साहाय्य केलं. शाळेत येऊन मी त्या कागदावर बोट फिरवत सरांचंच मराठी पत्र सरांना वाचून दाखवलं. एक शब्द चुकवला नाही. सरांनी खाली सही केली, त्यांची ती गोल, ठसठशीत सही, आणि म्हणाले, "काळे, तुजं इंग्रजी लई कामाला आलं." ती प्रत मी फाईलला लावली. महिन्याभरात कपाट उघडलं आणि मी कायम झालो. सर पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले, माझ्या दोन्ही लेकरांच्या हातावर स्वतः पेढा ठेवला. त्याआधी ते मधून मधून विचारत, बाईचं काय उत्तर आलं? मी सांगत असे, विचार करतायत. काही दिवसांनी त्यांनी विचारणं बंद केलं.

युवराज मे महिन्यात गेला आणि तीन आठवड्यांनी गोरा होऊन परत आला. फाट्यापासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले. 'आंतरराष्ट्रीय बालशास्त्रज्ञ' अशा अक्षरांखाली तो, आणि वर त्याच्या दुप्पट आकाराचे आजोबा. फ्लेक्सवर चेअरमनसाहेब पाण्याच्या टँकरला हिरवा झेंडा दाखवत होते. बदल्यात इकडे यायचं होतं ते तिकडचं पोरगं आलंच नाही. त्याच्या आईनं आमच्या तालुक्याचे फोटो पाहिले म्हणे. पुढच्या दसऱ्याला कौसा गाडीत बसून ऊसतोडीला गेली. मी त्या दिवशी किरकोळ रजा काढली होती.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात सलाईनची बाटली दर तासाला किती उतरते ते नर्सला सांगत होते, आणि नर्सचं गणित चुकतं म्हणून तिच्यावर चिडत होते. दहाव्याला नदीकाठी गर्दी बेताची होती. चेअरमनसाहेबांचा हार आला होता, माणूस आला नव्हता. क्रिया आटोपत असताना सरकारी जीप येऊन थांबली आणि त्यातून कौसा उतरली. दहावी तिनं बाहेरून दिली, पुढं शिकत गेली आणि आता जिल्ह्यात भूजलाच्या खात्यात विहिरी मोजते, हे मला उडत उडत कळलं होतं. कळल्यावर मला फार हलकं वाटलं होतं. म्हणजे शेवटी सगळं चांगलंच झालं की, असं मी बायकोला म्हणालोही होतो.

पत्रावळीवर शेजारी बसल्यावर मी तिला तेच म्हणालो. सर असते तर त्यांना अभिमान वाटला असता, वगैरे. ती म्हणाली, "सर, तुमचं ते पत्र मी वाचलंय." मी विचारलं, कोणतं? "फाईलमधलं. झऱ्याचं. डिक्शनरी घेऊन बसले होते, तीन दिवस लागले. तुमचं इंग्रजी लई चांगलं होतं."

ती सांगत गेली. तिनं ते सरांना वाचून दाखवलं होतं. मग दोघांनी मिळून हेल्गाबाईंना चार ओळींचं पत्र लिहिलं, तिच्या नववीतल्या इंग्रजीत, आणि सर ते घेऊन बीडला पोस्टात गेले. उत्तर येईपर्यंत युवराज विमानात बसला होता. हेल्गाबाई पुढं सहा वर्षं तिला सरांच्या पत्त्यावर पत्रं लिहीत होत्या, पुस्तकं पाठवत होत्या. माझ्याबद्दलही त्यांना सगळं कळलं होतं. त्या बाई दर नव्या वर्षाला मला शुभेच्छा पाठवत राहिल्या, आणि मी त्या मुख्याध्यापकांना कौतुकानं दाखवत राहिलो. सर पत्र टाकलं त्याच महिन्यात एस.टी.नं दोनशे कोस लांबच्या फडावर गेले होते, कौसाच्या बापाला सांगायला, की माझा शब्द गेला. बापानं कोयता खाली ठेवून त्यांना उसाच्या पाचटावर बसवलं आणि पाणी दिलं.

"मग सर मला कधी काहीच कसं बोलले नाहीत?" मी विचारलं. पेढ्यांचा पुडा मला आठवत होता. माझ्या लेकरांच्या तळहातावर पेढा ठेवताना त्यांना सगळं माहीत होतं.

"मी म्हणाले होते त्यांना, काळे सरांना जाब विचारा म्हणून," कौसा म्हणाली. "तर म्हणले, ऱ्हाऊ दे पोरी. त्याला दोन लेकरं हायेत. त्याला कायम व्हायचंय."

मला भरून आलं. सर मोठ्या मनाचे होते, असं काहीतरी मी पुटपुटलो, आणि एवढ्या वर्षांनी का होईना, माझी सुटका झाली असं मला खरोखर वाटलं. कौसानं पत्रावळ दुमडली आणि उठून उभी राहिली.

"ते होते मोठ्या मनाचे, सर," ती म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते. मला जायचं होतं."